उसाचे चार महिने

०.७३ हेक्टर. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार उत्तर प्रदेशातल्या शेतकऱ्याची सरासरी जमीन एवढी भरते. आपल्या हिशेबात बहात्तर गुंठे. (महाराष्ट्राची सरासरी त्याच गणनेत १.३४ हेक्टर होती.) या बहात्तर गुंठ्यांत बांधापासून बांधापर्यंत ऊसच लावला असं धरू. राज्याची अलीकडची सरासरी हेक्टरी ८० टनांच्या आसपास आहे, म्हणजे ५८४ क्विंटल ऊस निघेल. २०२५-२६ च्या हंगामासाठी तिथल्या सरकारने लवकर पक्व होणाऱ्या जातींना क्विंटलला ४०० रुपये दर दिला. झाले २ लाख ३३ हजार ६०० रुपये. खर्चाला केंद्राने त्याच हंगामाची एफआरपी (उसाचा रास्त आणि किफायतशीर दर) ठरवताना धरलेला आकडा घेऊ: क्विंटलमागे १७३ रुपये. त्यात खिशातून गेलेला पैसा आणि घरच्या माणसांची मजुरी येते, स्वतःच्या जमिनीचा खंड येत नाही. हा खर्च १ लाख १ हजार ३२ रुपये होतो. उरले १ लाख ३२ हजार ५६८. बाराने भागलं की महिन्याला ११ हजार ४७ रुपये.

एवढ्यात पाच-सहा माणसांचं घर, दोन म्हशी आणि पोरांची फी. शिवाय हेही कागदावरचं गणित. प्रत्यक्षात सगळ्या रानात ऊस कोणी लावत नाही. घरच्या पोळीला गहू हवा, म्हशीला बरसीम हवं. तरी आकडा मांडला, कारण उत्तरेतल्या ऊसकऱ्याचं उत्पन्न वाढवायचं म्हटलं की गावच्या पारापासून विधानसभेपर्यंत एकच मागणी ऐकू येते: दर वाढवा. दर वाढायला हवाच. पण गेल्या बारा-तेरा हंगामांचे आकडे शेजारी शेजारी ठेवले, की दराचा वाटा वाटतो त्याहून लहान निघतो. मोठा वाटा आहे जातीचा आणि तारखांचा. कांडी सरीत कधी पडली, वाढीचे किती महिने तिला लाभले, तोड कधी मिळाली आणि बिल खात्यावर कधी आलं. सरकारी दराची घोषणा होते, म्हणून तो दिसतो. तारखांची घोषणा कोणी करत नाही.

ऊस म्हटलं की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे पंचगंगेचा नाही तर प्रवरेचा काठ येतो. पण देशातलं उसाचं निम्म्याहून जास्त क्षेत्र उत्तरेत आहे: एकट्या उत्तर प्रदेशात २७ ते २९ लाख हेक्टर, वर बिहार, हरयाणा, पंजाब, उत्तराखंड. ऊसशास्त्रज्ञ या पट्ट्याला उपोष्ण म्हणतात आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तमिळनाडूला उष्ण. हे 'उप' शेतकऱ्याला फार महाग पडतं. कोल्हापूर १६.७ अक्षांशावर, मुझफ्फरनगर २९.५ वर. आपल्या उसाची थंडी म्हणजे पहाटेचं धुकं आणि दुपारी पुन्हा ऊन. तिथे डिसेंबर-जानेवारीत किमान तापमान पाच-सहा अंशांवर येतं, कधी त्याच्याही खाली, आणि मे-जूनमध्ये लू वाहू लागली की पारा ४२-४५ गाठतो. उसाचा डोळा नीट फुटायला २५ ते ३२ अंश लागतात. १० अंशांखाली तो जवळजवळ बंदच राहतो. २० च्या खाली उभ्या उसाची वाढ मंदावते. फेब्रुवारी-मार्चात लावलेला ऊस उन्हाळाभर पाण्यावर तग धरतो, फुटवे काढतो आणि खरं अंग धरतो तो जुलैचा पाऊस लागल्यावर. ऑक्टोबर संपला की थंडी दाराशी. बारा महिन्यांच्या पिकाला जोमाच्या वाढीचे महिने मिळतात चार.

म्हणून दोन्हीकडच्या एकरी टनांची तुलना करणारे लेख वाचले की त्यात काहीतरी राहून गेलंय असं वाटतं. समजा सांगली भागातल्या एकाने अडसाली उसातून एकरी ६० टन काढले आणि मेरठच्या एकाने ३२. पहिल्याचा ऊस रानात सतरा महिने उभा होता, दुसऱ्याचा अकरा. भागाकार करा: महिन्याला ३.५ टन आणि २.९ टन. दुपटीजवळ दिसणारा फरक वीस टक्क्यांवर येतो. उत्तरेच्या उसाला निकस म्हणणाऱ्यांनी हा भागाकार एकदा पाटीवर करून बघावा. थंडीचे महिने वजा केले तर कोण कोणाला शिकवतंय हेही पुन्हा ठरवावं लागेल.

यामुळेच तिथली अडचण वेगळी आहे. आपल्याला जास्त महिने घेणारा ऊस परवडतो. त्यांना थोड्या महिन्यांत काम उरकणारा ऊस हवा.

एक जात, सहा वर्षं

तसा ऊस शोधायचं काम शंभर वर्षांपूर्वीच सुरू झालं. कोइमतूरची ऊस पैदास संस्था १९१२ ची. तिथून बाहेर पडलेली पहिली यशस्वी संकरित जात को २०५, साल १९१८, आणि ती दक्षिणेसाठी नव्हती, पंजाबसाठी होती. टी. एस. वेंकटरामन यांनी जाड, रसाळ उसाचा संकर नदीकाठच्या काश गवताच्या जातकुळीशी लावला होता. गोडी उसाची, काटकपणा गवताचा. पैदास कोइमतूरला का, तर उसाला तुरा येऊन त्यात जिवंत बी तिथे धरतं. उत्तरेच्या थंडीत ते जमत नाही. आजही उत्तरेच्या बऱ्याच जातींचा जन्म दक्षिणेत होतो आणि निवड उत्तरेत.

याच संस्थेच्या कर्नालच्या केंद्रात डॉ. बक्षी राम यांनी को ०२३८ ही जात काढली. २००९ मध्ये ती प्रसारित झाली. कोलख ८१०२ आणि को ७७५ हे तिचे आईबाप. लवकर पक्व होणारी आणि तरीही वजन देणारी. हे दोन गुण एका जातीत सहसा नांदत नाहीत. २०१२-१३ मध्ये उत्तर प्रदेशाची सरासरी हेक्टरी ६२ टनांच्या आसपास होती आणि साखर उतारा ९.१८ टक्के. २०१८-१९ मध्ये सरासरी ८१ टनांच्या घरात गेली, उतारा ११.४६ टक्क्यांवर. पुढच्या दोनेक वर्षांत राज्याच्या ८० टक्क्यांहून जास्त उसाच्या रानात ही एकच जात उभी होती. डॉ. बक्षी राम यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. एखाद्या पिकाच्या एका जातीने एवढ्या लोकांच्या खिशात एवढ्या थोड्या काळात एवढा पैसा घातल्याचं दुसरं उदाहरण मला तरी चटकन आठवत नाही.

तो पैसा किती, ते मांडून पाहू. २०१२-१३ चा राज्याचा दर सर्वसाधारण जातींना २८० रुपये, लवकर पक्व होणाऱ्या जातींना २९०. हेक्टरी ६२ टन, दर २८०: ढोबळ उत्पन्न १ लाख ७३ हजार ६००. २०१८-१९ मध्ये ८१ टन आणि को ०२३८ लवकरच्या गटात असल्याने दर ३२५: २ लाख ६३ हजार २५०. वाढ ८९ हजार ६५० रुपयांची. आता ती फोडून बघा. दर वाढलाच नसता आणि फक्त १९ टन वाढले असते, तर ५३ हजार २०० मिळाले असते. टन वाढले नसते आणि फक्त दर ४५ ने वाढला असता, तर २७ हजार ९००. उरलेले साडेआठ हजार दोघांच्या गुणाकाराचे. म्हणजे टनांनी दराच्या जवळजवळ दुप्पट दिलं. आणि त्या ४५ रुपयांतले १० रुपयेही सरकारने दिलेले नाहीत. सर्वसाधारण गटातला ऊस लवकरच्या गटात गेला म्हणून ते आले. तेही जातीच्याच खात्यावर मांडायला हवेत.

हेच उलटं करून बघा. ५३ हजार २०० रुपये नुसत्या दरातून काढायचे, तर ६२ टनांवर क्विंटलला ८६ रुपयांची वाढ लागली असती. २८० मध्ये ८६ मिळवले की ३६६. सर्वसाधारण उसाचा सरकारी दर ३६० वर पोचला २०२३-२४ मध्ये, आणि ३६६ ची रेघ ओलांडून ३९० झाला तो २०२५-२६ मध्ये. जातीने सहा वर्षांत जे दिलं, ते दराने द्यायला तेरा वर्षं घेतली. त्या तेरा वर्षांत दर वाढला पाच वेळा. आठ हंगाम तो होता तिथेच राहिला. सरासरी काढली तर वर्षाला अडीच टक्क्यांच्या जरा वर. या काळात डिझेल, मजुरी आणि कीटकनाशकं कोणत्या गतीने वाढली, ते शेतकऱ्याला आकड्यांत सांगायची गरज नाही.

इथे एक उपहिशेब आहे, तो कोणी फार बोलून दाखवत नाही. उतारा ९.१८ वरून ११.४६ झाला, म्हणजे क्विंटलभर उसातून कारखान्याला २.२८ किलो साखर जास्त मिळाली. फेब्रुवारी २०१९ मध्ये केंद्राने ठरवलेला साखरेचा किमान विक्री दर किलोला ३१ रुपये होता. त्या दराने ७१ रुपये. शेतकऱ्याला क्विंटलला जास्त मिळाले ४५. कारखान्यांनाही खर्च असतात, सगळा फरक नफा म्हणता येणार नाही. पण उत्तर प्रदेशाचा राज्य सल्लागार दर उताऱ्याला बांधलेला नाही. गोड ऊस पिकवणारा तालुका आणि कमी गोड पिकवणारा तालुका यांना एकच दर. आपल्याकडे केंद्राची एफआरपी उताऱ्याप्रमाणे चढते: २०२५-२६ साठी १०.२५ टक्क्यांना ३५५ रुपये आणि वरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३.४६. या सूत्रात ११.४६ घातले तर येतात ३९७ रुपये. राज्याचा दर ४००. तीन रुपयांच्या फरकासाठी दर हिवाळ्यात केवढं राजकारण चालतं, असं कोणी म्हणेल. पण ते म्हणणंही अर्धवट ठरेल, कारण आता तिथे ११.४६ चा उतारा राहिलेला नाही. त्याला कारण तीच जात.

विळ्याने चिरलेली कांडी

शामलीकडच्या एका गावात एका वयस्क शेतकऱ्याने मला उभ्या रानात नेलं. नोव्हेंबरचे दिवस होते. गावात त्यांना सगळे चौधरीसाहब म्हणत, मीही तेच म्हणू लागलो. ऊस वरून हिरवागार, माझ्या दीडपट उंच. त्यांनी बोट केलं तिकडे शेंड्याकडून तिसरं-चौथं पान पिवळं पडून कडेने वाळत होतं. बाकी काही नाही. त्यांनी तो ऊस मुळाशी तोडला, विळ्याने उभा चिरला आणि माझ्यापुढे धरला. आतला गर लाल. नुसता लाल नाही, लालात मध्येच आडवे पांढरे पट्टे. "वास घ्या," म्हणाले. आंबलेल्या ताडीसारखा भपकारा. त्यांनी तो ऊस बांधावर टाकला नाही, हातात धरूनच घरापर्यंत आणला आणि चुलीत घातला. तिकडे याला उसाचा कॅन्सर म्हणतात. शास्त्रातलं नाव लाल कूज, बुरशीचा रोग. बेण्यातून येतो, साचलेल्या पाण्यातून पसरतो, आणि एकदा कांडीत शिरला की त्यावर खात्रीचं औषध नाही.

को ०२३८ ला आधी हा रोग होत नव्हता. मग बुरशीने आपला अवतार बदलला. राज्यभर एकच जात उभी असल्यावर तिला शिकार शोधत फिरावं लागलं नाही. गेल्या काही हंगामांत पूर्वेकडून सुरू झालेली लाल कूज मध्य आणि पश्चिम भागात आली. सोबत शेंडे किडीचा जोर आणि अवेळी पाऊस. २०२३-२४ मध्ये उत्तर प्रदेशात सुमारे १०४ लाख टन साखर झाली होती. २०२४-२५ मध्ये ती ९३ लाख टनांच्या आसपास उतरली. हे घडणारच होतं, असं आता सगळे म्हणतात. घडून गेलेलंही होतं: १९३८ ते १९४० या काळात पूर्व उत्तर प्रदेश आणि बिहारात को २१३ ही त्या वेळची लाडकी जात याच रोगाने बसली होती. ऐंशी वर्षांनी तोच धडा पुन्हा, फक्त जातीचा आकडा वेगळा. ज्या जातीने हेक्टरी १९ टन वाढवले, तिच्यात वीस टक्के ऊस वाळला तर १६ टन जातात, आजच्या दराने ६४ हजार. दिलं त्यातलं बहुतेक.

आता लखनौच्या भारतीय ऊस संशोधन संस्थेची कोलख १४२०१, शाहजहानपूरच्या ऊस संशोधन परिषदेची कोशा १३२३५, कर्नालचीच को ०११८ आणि को १५०२३ अशा जाती पुढे येताहेत. यांतली एखादी को ०२३८ ची जागा घेईल का, हा प्रश्नच चुकीचा आहे. एकीने सगळी जागा घेऊ नये यातच शेतकऱ्याचा विमा आहे. चौधरीसाहबांनी पाच बिघ्यांत एक, सात बिघ्यांत दुसरी अशा जाती वाटल्या होत्या (तिकडचा कच्चा बिघा, पाचेक बिघ्यांचा एकर). शेजारी मात्र अजून को ०२३८ च. "त्याचा ऊस अजून वाळला नाही ना," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण.

गहू फुकट पिकवला

जात बदलायला दहा वर्षं लागतात. लागणीची तारीख याच वर्षी बदलता येते. उत्तरेत ऊस लावायचे तीन काळ: शरद, म्हणजे सप्टेंबरचा उत्तरार्ध ते ऑक्टोबर, वसंत, म्हणजे फेब्रुवारी-मार्च, आणि गहू काढून एप्रिलच्या शेवटी किंवा मेमध्ये. तिसऱ्या काळात लावलेल्या उसाचं उत्पादन ३० ते ५० टक्क्यांनी घटतं. का, ते वर आलंच आहे: चार महिन्यांच्या आधीची तयारी त्याला मिळत नाही. जुलै येतो तेव्हा त्याचे फुटवेच धड झालेले नसतात, आणि पाऊस कांड्या वाढवायला येतो तेव्हा वाढवायला कांड्याच थोड्या.

मग शेतकरी असं का करतो? कारण गहू. हेक्टरी ४० क्विंटल गहू आणि २०२५ च्या खरेदीचा हमीभाव २,४२५ रुपये धरला, तर ९७ हजार रुपये. त्यापायी ८० टनांच्या उसात किमान ३० टक्के, म्हणजे २४ टनांची घट: ४०० च्या दराने ९६ हजार. गव्हाचं बी, खत, पाणी, कापणी वेगळीच. म्हणजे गहू फुकट पिकवला, थोडी पदरमोड करून. तरी मी त्या शेतकऱ्याला वेडा म्हणणार नाही. गहू काढला की आठवड्यात पैसा हातात पडतो, धान्य कोठीत पडतं. उसाचं बिल कधी येईल ते त्याला माहीत नसतं. उशिराच्या लागणीचं मूळ शोधत गेलात तर ते थकलेल्या बिलापाशी जाऊन पोचतं, आणि याकडे कृषी खात्याच्या पत्रकांत कोणी बघत नाही.

लखनौच्या संस्थेने यावर एक तोडगा काढला. नोव्हेंबरात गादीवाफ्यांवर गव्हाच्या ओळी पेरायच्या, मधल्या सऱ्या मोकळ्या ठेवायच्या आणि फेब्रुवारीत गव्हाला पाणी देताना त्याच सऱ्यांत उसाच्या कांड्या दाबायच्या. एप्रिलमध्ये गहू निघतो तेव्हा ऊस दोन महिन्यांचा असतो. गहूही मिळाला, महिनेही गेले नाहीत. गादीवाफ्याचं यंत्र हवं, गहू कापताना उसाला सांभाळायला हात हवेत; म्हणून ही पद्धत अजून सगळीकडे पोचलेली नाही.

दुसरा तोडगा आपल्या ओळखीचा: रोपं. जुन्या पद्धतीत हेक्टरी साठ ते ऐंशी क्विंटल बेणं जातं. ७० धरलं तर आजच्या दराने २८ हजारांचा ऊस मातीत गाडायचा. एक डोळा काढून ट्रेमध्ये रोप केलं तर बेणं १५ क्विंटलवर येतं, ६ हजारांचं. वाचले २२ हजार. त्यातून ट्रे, कोकोपीट आणि मजुरी वजा करा. पण माझ्या मते रोपाची खरी किंमत बेण्याच्या बचतीत नाही. गहू रानात उभा असतानाच रोप सावलीत महिन्याचं होतं. एप्रिलच्या शेवटी ते लावलं, तर ऊस मार्चअखेर लावल्यासारखा चालतो. इथे शेतकरी महिना विकत घेतो, आणि तो स्वस्त पडतो. उत्तर प्रदेशात ही रोपं बायकांचे बचत गट करून विकतात. त्या घरांत उसाचे पैसे पहिल्यांदाच बाईच्या नावाने जमा होताहेत. आपल्याकडे रोपवाटिका कधीच धंदा झाली. तिकडे ती अजून अंगणात आहे.

राहिला शरदाचा ऊस. ऑक्टोबरात लावलेला ऊस थंडी पडायच्या आत फुटतो, जानेवारीत गप्प बसतो आणि फेब्रुवारीत उठून वसंतातल्या उसाच्या पुढे पळतो. १५ टक्के जास्त धरले तरी हेक्टरी १२ टन, ४८ हजार रुपये. ऊस झोपलेला असताना दोन ओळींच्या मधल्या जागेत मोहरी, बटाटा, लसूण, मसूर. उसाचे पैसे यायला वर्ष असतं. बटाट्याचे तीन महिन्यांत येतात आणि उसाचं खत त्यातून सुटतं. एवढं चांगलं असून सगळे शरदातच का लावत नाहीत? ऑक्टोबरात रान रिकामं नसतं. भात उभा असतो, नाही तर आधीचाच ऊस.

पर्ची

तो आधीचा ऊस कधी तुटणार, हे शेतकरी ठरवत नाही. आपल्याकडे कारखान्याची टोळी येते, तोडते, नेते आणि तोडणी-वाहतूक बिलातून कापली जाते. तिकडे ऊस शेतकऱ्यानेच तोडायचा, सोलायचा, गेटवर नाही तर वजनकाट्यावर नेऊन घालायचा. तोडायला गावचेच लोक येतात आणि मजुरीत वाढं धरतात. तिकडचा शब्द अगोला. त्यावर त्यांच्या म्हशी हिवाळा काढतात. पण तोडायचं कधी, ते सांगते पर्ची. ऊस समितीकडे शेतकऱ्याचा सट्टा लागतो, म्हणजे त्याचा किती ऊस घेणार त्याचा कोटा. त्यावरून हंगामाचं कॅलेंडर बनतं आणि पर्ची निघते. पूर्वी कागदाची होती, आता मोबाइलवर मेसेज येतो.

तिकडच्या उसाचा निम्मा भाग खोडवा. त्याला पेडी म्हणतात. पेडी लवकर पक्व होते, म्हणून कारखाने आधी तीच घेतात. नोव्हेंबरात पर्ची आली, पेडी तुटली, रान नांगरलं, गहू वेळेवर पडला. पर्ची जानेवारीत आली तर? नोव्हेंबरच्या मध्यानंतर गव्हाची पेरणी जितके दिवस लांबते, त्यातल्या दर दिवसामागे हेक्टरी तीसेक किलो गहू कमी होतो. महिनाभर उशीर म्हणजे नऊ क्विंटल, जवळपास २२ हजार रुपये. हे नुकसान उसाच्या कोणत्याही हिशेबात दिसत नाही, कारण ते गव्हाच्या खात्यावर पडतं. शिवाय ऐन थंडीत तोडलेल्या लागणीचा खोडवाही नीट फुटत नाही. पर्ची वेळेवर आली नाही की माणूस कोल्हूकडे वळतो. कोल्हू म्हणजे तिकडचं गुऱ्हाळ, आणि मुझफ्फरनगरचा गूळबाजार देशातल्या मोठ्या बाजारांपैकी आहे. कोल्हूवाला बहुधा कमी देतो, पण रोख देतो आणि आज देतो. उसाची टंचाई असली की तो कारखान्यालाही मागे टाकतो.

मग शेवटची तारीख, बिलाची. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत पैसे द्यायचे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. ४०० रुपयांवर सहा महिन्यांचं १५ टक्क्यांनी व्याज होतं बरोबर ३० रुपये. २०२५-२६ मध्ये जाहीर झालेली दरवाढही बरोबर ३० रुपयांची. म्हणजे ज्या कारखान्याचं बिल सहा महिने थकतं, त्याच्या शेतकऱ्याला ती दरवाढ मिळालीच नाही. जाहिरात तेवढी ऐकायला मिळाली. आणि हा कायद्याचा दर झाला. ते व्याज मिळवायला तिथल्या शेतकऱ्यांना कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या आहेत. मधल्या काळात घर चालवायला गावात महिना दोन रुपये शेकड्याने पैसे घेतले, तर सहा महिन्यांत क्विंटलमागे ४८ रुपये जातात. सुरुवातीच्या बहात्तर गुंठ्यांवर २८ हजार. महिन्याचे ११ हजार होते, ते ८,७०० झाले.

आपल्याकडेही हे भांडण तारखेवरच झालं. एफआरपी एकरकमी की हप्त्यांत? हप्त्यांना मुभा देणारा २०२२ चा शासन निर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला. तिकडे इथेनॉलमुळे कारखान्यांच्या हातात वर्षभर पैसा खेळू लागला आणि काही ठिकाणी बिलं लवकर निघू लागली, हे खरं. पण सगळ्या ठिकाणी नाही. शेजारशेजारच्या दोन कारखान्यांत एकाचं बिल पंधरवड्यात आणि दुसऱ्याचं पुढच्या हंगामात, हे एकाच पट्ट्यात चालतं, आणि आपला ऊस कोणत्या कारखान्याला जाणार हे शेतकऱ्याच्या हाती नसतं. ते क्षेत्र सरकार वाटून देतं. इतर कोणत्या मालाचा विक्रेता असं गिऱ्हाईक मुकाट स्वीकारेल?

त्या दिवशी परतताना चौधरीसाहबांनी मला रस्त्याकडेचं दुसरं रान दाखवलं. मोहरी गुडघ्याला लागलेली, अजून फुलावर यायची होती. ऊस कुठे आहे ते मला दिसेना. त्यांनी खाली बसून मोहरीची पानं हाताने बाजूला केली, तर सरीत वीतभर हिरवे कोंब. ऑक्टोबरची लागण. "आता हे झोपणार," म्हणाले, "होळीला उठतील." तेवढ्यात फोन वाजला. मेसेज होता. चष्मा शोधेपर्यंत नातवाने वाचून दाखवला: बुग्गीची म्हणजे गाडीची पर्ची, पेडीची, वीस क्विंटल, परवाची तारीख. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं, एकदा मोहरीकडे आणि एकदा पलीकडच्या उभ्या पेडीकडे पाहिलं, आणि नातवाला सांगितलं की गव्हाचं बी आजच भिजवायला नको, अजून चार पर्च्या यायच्यात.